रॉटरडॅममधला बाक

इरा, नील,

हे तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे, आणि मुद्दाम मराठीत लिहिते आहे. इराला सावकाश का होईना वाचता येईल. रविवारच्या मराठी शाळेतून येताना गाडीच्या मागच्या सीटवर ती जोडाक्षरांशी कशी भांडायची ते मला आठवतं. नीलला त्याची आई वाचून दाखवेल. इंग्रजीत मला सोपं गेलं असतं. माझं शिक्षण इंग्रजीतून झालं, जन्मभर शाळेत तेच शिकवलं, त्या भाषेत माझी वाक्यं इस्त्री केल्यासारखी निघतात. पण इस्त्रीच्या घडीत डाग छान आत जातो हेही मला माहीत आहे. म्हणून यावेळी इंग्रजी नको.

आत्ताच का, तेही आधी सांगते. गेल्या रविवारी, कॉलेजसाठी हॉलंडला गेलेल्या इराचा मेसेज आला. "आजी, नेक्स्ट सॅटर्डे रॉटरडॅमला चाललेय, त्या म्युझियममध्ये. बाबाने तुला कुठल्या रूममध्ये सांगितलं होतं? आय जस्ट वॉन्ट टू सिट देअर." मी तो तीनदा वाचला, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला आणि फोन उपडा ठेवून दिला. आज गुरुवार. अजून उत्तर दिलेलं नाही. मी कुणाच्याही मेसेजला चार दिवस लावत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. काल इराने नुसतं एक प्रश्नचिन्ह पाठवलं.

इरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. बाबाने मला तिथे काहीच सांगितलं नाही. सांगायचं म्हणून तो बसला होता. मी सांगू दिलं नाही. आणि गेली अकरा वर्षं तुझी आई, सईआत्या, तुम्ही दोघं, सगळ्यांना मी उलटंच समजू दिलं. शनिवारी तू त्या बाकावर जाऊन बसण्याआधी हे तुला कळायला हवं, म्हणून या कागदांचे फोटो काढून आजच पाठवते आहे.

इथे अमेरिकेत, कॅरीला पुन्हा तेच दिवस आले आहेत. सईच्या घरामागे ओकची तीन झाडं आहेत. त्यांची फळं डेकच्या फळ्यांवर पडतात. टक्. टकटक्. मग बराच वेळ काही नाही, आणि कान विसरले की पुन्हा टक्. सकाळी दहाच्या सुमारास लॉनवाले येतात, पाठीवर पंखा बांधून पानं उडवत रस्त्याकडेला नेतात. तासाभरात झाडं पुन्हा तेवढीच पानं टाकतात. समोरच्यांनी हॅलोवीनसाठी पोर्चवर भोपळे मांडलेत आणि आरामखुर्चीत एक सांगाडा बसवलाय. यंदा त्याच्या हातात वर्तमानपत्र दिलंय. सई मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाच्या प्रॅक्टिसला जाते आणि येताना ग्रोसरीतून भाजके पोहे घेऊन येते.

कोपऱ्यावर एक मेपल आहे, ते आठवड्याभरात पेटल्यासारखं लाल होतं. लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. आपल्याकडेही पानगळ होते, पण तिथली पानं बिचारी आधी वाळतात, धुळीने मळतात, मग कधीतरी गळतात. कुणी मुद्दाम बघायला जात नाही. इतकं नटून जाणं मी इथेच पाहिलं. ते झाड लाल व्हायला लागलं की माझ्या आत कुणीतरी खुर्ची ओढून बसतं आणि नोव्हेंबर संपेपर्यंत उठत नाही.

तुम्हाला मी निवृत्त झाल्यानंतरची आजी म्हणूनच माहीत. त्याआधी सव्वीस वर्षं नाशिकच्या आमच्या शाळेचं वेळापत्रक मी करत होते. मे महिन्याच्या सुट्टीत जेवणाच्या टेबलावर मोठा ड्रॉइंग पेपर पसरायचा, पट्टीने चौकोन पाडायचे आणि सगळे शिक्षक, सगळ्या तुकड्या, दिवसाचे आठ तास असे बसवायचे की कुणी कुणावर आदळू नये. घरभर खोडरबराचा चुरा. तुमचा बाबा तेव्हा त्याच शाळेत होता, नीलच्या आत्ताच्या वयाचा. टेबलावर कोपरं टेकून म्हणायचा, "आई, आमच्या वर्गाला शनिवारी शेवटचा तास पीटी दे ना. कुणाला कळणार आहे?" मी कधी दिला नाही. वशिला नको. आणि कागदावर एखादा चौकोन रिकामा दिसला की मला चैन पडत नसे. परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास काढून गणिताला द्यायचा. त्यात मला कधी काही चुकीचं वाटलं नाही.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला. "आई, ऑक्टोबरमध्ये रॉटरडॅमला ऑफिसचं काम निघालंय. तू नाशिकहून ये, मी इकडून येतो. चार दिवस भटकू, मग तिथूनच तुला कॅरीला घेऊन जातो. दिवाळी करू, थंडी संपली की जा परत." तुमचे आजोबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आईला एकटं वाटत असेल म्हणून बोलावतो आहे, असं मी धरलं. व्हिसाची कागदपत्रं एका फाइलमध्ये लावली आणि दुसऱ्या फाइलमध्ये चार दिवसांचं वेळापत्रक.

मध्ये काय घडलं ते मला फार उशिरा कळलं. निघायच्या आठवडाभर आधी त्याचे रिपोर्ट आले होते. पॅनक्रियाजचा कॅन्सर, आणि तो लिव्हरपर्यंत गेलेला. तुमची आई म्हणत होती, ट्रिप कॅन्सल कर. तो म्हणाला, आईला तिथेच शांतपणे सांगतो, घरी मुलांसमोर नको. त्या एका कामासाठी तो विमानात बसला होता.

विमानतळावर तो मला जरा बारीक दिसला. पट्ट्याला नवीन भोक पाडलं होतं, कातडं तिथे अजून पांढरं होतं. मी म्हटलं, "डाएट करतोस की काय?" तो म्हणाला, "ऑफिसात जिम आहे गं." मला बरं वाटलं. हॉटेलात सकाळी पावावर लोणी लावून त्यावर चॉकलेटची भुरभुर घालून खायची पद्धत होती. तो लहान मुलासारखी ती भुरभुर घालायचा, दोन घास खायचा आणि बशी बाजूला सारायचा. मी त्याला रोज रागावले. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला म्हणाले, "बशीत टाकायचं नाही, समीर. तेवढंच घ्यावं." आणि त्याने माझ्यासमोर तो अर्धा पाव, पाण्याच्या घोटाबरोबर, संपवला.

रॉटरडॅम म्हणजे वारा. नदीवरून येतो आणि छत्र्या उलट्या करतो. ट्रामची घंटा, सायकलवरून मुलांना पुढे मागे बसवून चाललेल्या उंच उंच आया, पुलाच्या केबलींतून येणारा एक बारीकसा सूर. तिथेही झाडं पिवळी झाली होती; ओल्या विटांवर पानं चिकटून बसली होती, जणू कुणी एकेक करून डकवली आहेत. तो माझा हात धरून चालायचा. मला वाटायचं, मी घसरेन म्हणून.

म्युझियम तिसऱ्या दिवशी होतं. माझ्या कागदावर लिहिलेलं होतं: दहा ते सव्वा एक म्युझियम, तीन मजले, दर मजल्याला एक तास, पंधरा मिनिटं राखीव. दीडला जेवण. अडीचला बोट. समीरने ट्राममध्ये तो कागद वाचला.

"आई, यात बाथरूमला कितवा तास आहे?"

"राखीव पंधरा मिनिटांत."

"आणि आवडलंच एखादं चित्र तर?"

"तर लवकर लवकर आवडून घ्यायचं."

तो इतक्या मोठ्याने हसला की समोरच्या बाईंनीही हसून घेतलं. मग म्हणाला, "आयुष्यभर चित्रकलेचे तास पळवलेस ना, आता तीन तास सलग भोग."

भोगणंच होतं. तुम्हाला खोटं कशाला सांगू, मला त्यातलं काही कळलं नाही. एका खोलीत नुसती वाळू होती. एका खोलीत छताला जुने कोट टांगले होते, माणसं काढून घेतल्यासारखे. एका भिंतीवर टीव्ही होता, त्यात एक बाई कांदा चिरत होती, आणि चिरतच होती. मी खालच्या पाटीवर बघितलं, तर म्हणे हे चाळीस मिनिटं चालतं. "हिच्या सुरीला धार लावून द्या कुणीतरी," मी म्हटलं. समीर म्हणाला, "लिहून ठेव, बाहेर सजेशन बॉक्स असेल."

दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत जमिनीवर कागदांचे गठ्ठे रचले होते. छापील कागद, गुडघ्याएवढे उंच, मध्ये चिंचोळ्या वाटा. त्या वाटेने जायचं होतं. मी जपून चालले होते, तरी एका गठ्ठ्याला माझा पाय लागला. आणि पुढचं मी केलं नाही, माझ्या हाताने केलं. मी वाकले, कागदाला हात लावला, आणि तो कपाळाला लावला. छापील कागदाला पाय लागला तर आपण दुसरं काय करणार! तर कुठूनसा टीं टीं आवाज सुरू झाला आणि गणवेशातली एक बाई धावत आली. "मॅडम, प्लीज डू नॉट टच!" मी तशीच, अर्धवट वाकलेली, बोटं कपाळाशी.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग तिचा आवाज खाली आला. सावळी, चाळिशीची बाई होती. इंग्रजीत हळूच म्हणाली की तिची आजी असंच करायची, शाळेच्या पुस्तकाला पाय लागला की. तिचे पूर्वज कधीकाळी बिहारकडून मजूर म्हणून सुरीनामला गेले होते, तिथून तिची माणसं हॉलंडला आली. भाषा गेली, म्हणाली, हे राहिलं. आणि तिने स्वतःच्या कपाळाला बोटं लावून दाखवली. मग गंभीर होऊन म्हणाली, पण प्लीज, पुन्हा नको.

समीर दाराशी उभा राहून हसत होता. भिंतीला टेकून, डोळे पुसत, आवाज न करता. "आई, तू मॉडर्न आर्टच्या पाया पडलीस," एवढंच त्याला म्हणता येत होतं. हसता हसता तो पुढच्या खोलीत गेला आणि तिथल्या बाकावर बसला. मी त्याच्या मागोमाग गेले. तो अजून डोळे पुसत होता. मला वाटलं, अजून हसतोच आहे.

त्या खोलीत एकच चित्र होतं. भिंतभर मोठं, राखाडी-निळं, आणि त्यात काहीच नाही. पावसाळी दुपारी खिडकीच्या काचेत दिसतं तेवढंच. पाटीवर लिहिलं होतं, शीर्षक नाही. मी म्हटलं, "शीर्षकाचे मार्क गेले." तो हसला नाही.

"आई, बस ना जरा."

"का रे? पाय दुखतायत?"

"नाही. तुला एक सांगायचंय."

मी घड्याळ बघितलं. बारा वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

"मग चालता चालता सांग. वरचा मजला आख्खा राहिलाय."

"चालता चालता नाही सांगता येणार."

"मग जेवताना सांग. दीडचं बुकिंग तूच केलंयस ना?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मला अजूनही सांगता येत नाही. रागावला नव्हता. रागावला असता तर मी थांबले असते. "बरं," तो म्हणाला. "तू हो पुढे. मी आलोच." मी वर गेले. वरच्या मजल्यावर काय होतं ते मला आज अजिबात आठवत नाही.

वेळापत्रकाची गोष्ट मी अशी सांगते आहे की तुम्ही म्हणाल, आजी अशीच आहे, शिस्तीची, तिला सुचलं नाही. तसं असतं तर बरं झालं असतं. मला त्याचा आवाज ऐकू आला होता. काहीतरी जड आहे हे मला कळलं होतं. मला वाटलं, हा आता म्हणणार, नाशिकचा फ्लॅट विकून टाक आणि कायमची इकडे ये. सई तेच म्हणत होती, दोघांचं फोनवर ठरलं असणार. मला ते बोलणं नको होतं. माझं घर, माझा गॅलरीतला झोपाळा, माझी वाचनालयातली खुर्ची सोडायची नव्हती. म्हणून मी घड्याळाच्या आड गेले. ती माझी नेहमीची जागा. जेवतानाही मी विचारलं नाही. नाशिकच्या शेजाऱ्यांच्या गोष्टी सांगत राहिले, एकीतून दुसरी, मध्ये फट राहू नये अशा. तो सूप ढवळत ऐकत होता. मध्येच एकदा हसलाही. अडीचला आम्ही बोटीत बसलो.

पुढे दोन दिवसांनी कॅरी. तुमचं तेव्हाचं घर, गॅरेजसमोर नीलची तीनचाकी, इराचे दोन दात पडलेले. झाडं अशीच होती. दिवाळीला आठवडा राहिला होता. एका सकाळी मी आणि तुमची आई स्वयंपाकघरात चिवडा करत होतो. मी मोठ्या पातेल्यात पोहे हलवत होते, मेघना फोडणीजवळ होती. ती माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "आई, शुक्रवारी औषधासाठी छातीत पोर्ट बसवणार आहेत आणि सोमवारपासून किमो. मुलांना काय सांगायचं ते आज ठरवू या का?"

फोडणीत कढीपत्ता तडतडत होता. मग ती वळली. "समीरने सांगितलंय ना तुम्हाला? तिकडे? त्यासाठीच तर..."

मी म्हणाले, "हो. सांगितलं."

त्या क्षणी मी काय विचार केला हे अकरा वर्षं स्वतःला विचारते आहे. ती आधीच इतकी दमलेली होती, तिच्यावर आणखी एक सांगणं नको, असं मी पुढे स्वतःला समजावलं. ते थोडं खरं आहे. जास्त खरं हे आहे की, ज्या आईला मुलगा सांगू शकला नाही ती आई मला व्हायचं नव्हतं. पोहे हलवत राहिले. हात थांबवला असता तर मी पडले असते.

त्याच दुपारी समीर मागच्या अंगणात पानं गोळा करत होता. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं, तरी. मी बाहेर गेले. त्याने दाताळं झाडाला टेकवलं.

"मेघना म्हणाली, मी तुला सांगितलं म्हणे."

"हो."

तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "कसं सांगितलं मी? नीट सांगितलं ना?"

"नीट सांगितलंस."

"रडलो का?"

"नाही. अजिबात नाही."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि पुन्हा दाताळं उचललं. मीही वाकून हातांनी पानं गोळा करायला लागले. वाळलेल्या पानांचा आवाज इतका मोठा होतो की त्यात दोन माणसं शेजारी शेजारी रडू शकतात. आम्ही कागदाच्या उंच पिशव्यांत पानं भरली, सहा पिशव्या, आणि रस्त्याच्या कडेला रांगेत उभ्या केल्या.

ती दुसरी संधी होती. पहिल्या वेळी मला कळलं नव्हतं असं म्हणता येतं. या वेळी तो दार उघडून उभा होता आणि मी ते हळूच लावून घेतलं, आणि त्याने, मला लागू नये म्हणून, लावू दिलं.

त्यानंतर पाच महिने. आम्ही खूप बोललो. औषधांचे डबे मीच लावत होते, सकाळ, दुपार, संध्याकाळ. ते मला येतं. तो झोपून माझ्याकडून जुन्या शिक्षकांच्या नकला करून घ्यायचा. कधी नील त्याच्या पोटाशी येऊन झोपायचा, तेव्हा मी पाय न वाजवता खोलीतून जायची. पण त्या बाकावर त्याला काय सांगायचं होतं, ते आम्ही दोघांनी पुन्हा काढलं नाही. नुसतं दुखणंच सांगायचं होतं की आणखी काही होतं? भीती वाटते म्हणायचं होतं? तुमच्याबद्दल काही? मला माहीत नाही. वसंतात डॉगवुडच्या झाडांना पांढरी फुलं आली आणि तो गेला.

मग ते वाक्य. इरा, तू नऊ वर्षांची होतीस. घर माणसांनी भरलं होतं, काका-काकू डबे घेऊन येत-जात होते, आणि तू कपाटाशेजारी जमिनीवर बसून मला विचारलंस, "आजी, त्या म्युझियममध्ये बाबाने माझ्याबद्दल काय सांगितलं?" मी म्हणाले, "तो म्हणाला, इरा शूर आहे." मला काहीतरी द्यायचं होतं तुला, आणि हाताला तेवढंच लागलं. तू मान डोलावलीस आणि उठून गेलीस. पुढे कॉलेजच्या अर्जाच्या निबंधात तू ते लिहिलंस. माझ्या वडिलांनी आजारी असताना आजीला सांगितलेलं एक वाक्य. तू तो निबंध मला तपासायला पाठवला होतास. मी एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि परत पाठवला.

ते वाक्य माझं होतं. त्याचं नव्हतं.

तू कदाचित पुष्कळ दिवस माझ्याशी बोलणार नाहीस. न बोलण्याचा तुला हक्क आहे. तुझ्या आईलाही मी हा कागद वाचून दाखवायला सांगते आहे, म्हणजे तिलाही आत्ता, वाचता वाचताच, कळणार. मेघना, मला माफ कर असं मी म्हणणार नाही. तुला वाटेल तेव्हा, वाटलं तर. पण मागच्या वर्षी तुमच्या प्लेनोच्या नव्या घरी आले होते तेव्हा नील गाडी चालवायला शिकत होता, आणि सिग्नलला थांबलेला असताना मला म्हणाला, "आजी, मला बाबा आठवत नाही. आय ओन्ली नो द स्टोरीज." हिरवा लागला, मागच्याने हॉर्न दिला, तो पुढे निघाला. तेव्हापासून हे मला टोचतं आहे. ज्याच्याकडे फक्त गोष्टी आहेत, त्याला खऱ्याच द्यायला हव्यात.

हल्ली बुधवारी सई मला इथून जवळच्या रॅले शहरातल्या म्युझियममध्ये सोडते आणि दोन तासांनी घ्यायला येते. तिथेही तसल्या चित्रांची एक खोली आहे. मी बाकावर बसते. पहिल्या वेळी दहा मिनिटांत उठले होते. आता चाळीस-पन्नास मिनिटं होतात, कधी जास्त; घड्याळ मी घरीच ठेवते. तिथली एक म्हातारी स्वयंसेविका मला ओळखायला लागली आहे. एकदा तिने विचारलं, काय दिसतं तुम्हाला यात? मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, बसा, घाई नाही. शेजारी बाकाची जागा रिकामी असते. कुणी येऊन बसलं तर मी सरकून घेते आणि बोलत नाही, कारण त्यांना काही म्हणायचं असेल. बहुतेकांना नसतं. ते फोन बघतात आणि जातात. चित्रं मला अजूनही कळत नाहीत, आणि आता शिकून काय उपयोग, असंही मनात येतं. ज्याच्यासाठी बसायचं होतं तो उठून गेला.

कधीकधी तिथे बसून मी ती दुपार पुन्हा मांडून बघते. तो म्हणतो, बस ना जरा, आणि मी बसते. एवढंच. पुढे तो काय म्हणतो ते मला कधी ऐकू येत नाही. त्याचे शब्द मी बनवू शकत नाही, आणि आता बनवणारही नाही. मला दिसतो तो त्याचा ओठांवरून फिरणारा अंगठा, बोलायच्या आधी तो तसं करायचा. नील, तूही करतोस. हे खरं आहे, हे मी पाहिलेलं आहे.

इरा, शनिवारी जा. खोलीचा नंबर मला आठवत नाही, आणि तिथे आता दुसरं चित्र लावलं असेल, बाकही हलवला असेल. दुसऱ्या मजल्यावरची कुठलीही जागा चालेल, किंवा जाऊच नकोस, बाहेर नदीवर जा. तिथे तुझ्याबद्दल काही बोललं गेलेलं नाही, तेव्हा काही ऐकू येईल म्हणून कान देऊन बसू नकोस. थंडी असेल, कोट नीट घाल.

बाबाने मला काय सांगितलं, हे तुम्ही इतकी वर्षं माझ्याजवळ ठेवायला दिल्यासारखं धरून चाललात. माझ्याजवळ ते नाही, कधीच नव्हतं. दुखणं अंगात घेऊन, अर्धं जग ओलांडून, तो आपल्या आईला सांगायला आला होता. तेवढं मात्र घडलं आहे, आणि ते आहे.